गंज किती काढावा?



पाडव्याच्या आधी आम्ही गटावर एका जुन्या सायकलीचे दोन फोटो टाकले होते. एक काम सुरू करण्याआधीचा, एक काम संपल्यावरचा. खाली 'छान', 'अप्रतिम', जोडलेले हात, फुलं, सगळं नेहमीप्रमाणे आलं. पण दोन प्रतिक्रिया वेगळ्या होत्या. इंदूरच्या एका ताईंनी लिहिलं, "आपण रोज म्हणतो वस्तूंचा मोह कमी करायचा. मग गंजक्या लोखंडापायी पाच माणसांनी सहा महिन्यांचे रविवार घालवायचे, हा मोह नाही तर काय?" आणि बडोद्याच्या एका काकांनी दुसरा फोटो मोठा करून बघितला असावा, कारण त्यांनी लिहिलं, "अजून गंजाचे डाग दिसतायत की. एवढं केलं तर एकदा नीट रंग मारून चकचकीत का नाही केली?"

एकाचं म्हणणं, एवढं का केलंत. दुसऱ्याचं, एवढंच का केलंत. दोघांनाही फोनवर काहीतरी उत्तर दिलं, पण त्या उत्तरांनी आमचंच समाधान झालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर रविवारी वाचा.

सायकल बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींची. ते आता नाहीत. त्यांची मुलगी आपल्यातल्याच एक ताई, आता सत्तरीच्या आहेत. गावचं घर आवरताना गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे ही सायकल उभी होती. रॅले कंपनीची, इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनलेली. पुढे आपल्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातूनही याच घराण्यातल्या सायकली निघाल्या, त्यामुळे हातात आलेली रॅले कुठली हे आधी बघावं लागतं. हिच्या हँडलखालच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम आहे. रंग काळा, चाकं २८ इंची, ब्रेक वायरीचे नव्हेत तर सळ्यांचे, आणि चेनच्या मोठ्या चक्रात कापून काढलेल्या तीन बगळ्यांच्या माना. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. या हबच्या अंगावर बनल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो. चिखल खरवडल्यावर ५३ आणि ७ असे आकडे दिसले, म्हणजे जुलै १९५३. चाक मागाहून बदललेलं असू शकतं, त्यामुळे सायकलही तेव्हाचीच असं छातीठोक सांगता येत नाही, पण अंदाजाला आधार मिळाला. गुरुजींनी ती सेकंडहँड घेतली होती, एवढं ताईंना आठवतं.

आमच्या गावाला सायकलचं कौतुक जुनं आहे, हे बाहेरच्या मंडळींसाठी सांगायला हवं. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. हवा भरायच्या टायरचं डनलॉपचं पेटंट त्याच वर्षीचं, यावरून काळ लक्षात येईल. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि तिथून सायकली पाठवत. बंधू रामूअण्णा इथं त्या विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. गावात किर्लोस्कर रोड आजही आहे. एवढ्या कारखानदारीची सुरुवात हातात पाना धरण्यातून झाली, हे आम्ही बेळगावकर पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, आणि स्वतःच्या सायकलचं पंक्चर काढायला मात्र दुसऱ्याला बोलावतो. आमच्या पाच जणांपैकी चौघांनी आयुष्यात कधी छर्रे हातात घेतले नव्हते. एक बँकेतून निवृत्त, एक वकील, दोन शिक्षक. पाचवा कारखान्यात फिटर होता म्हणून निभावलं. आणि वर एक मिस्त्री, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिले दोन महिने आम्ही ती नुसती उघडतच होतो. सत्तर वर्षांचं घट्ट बसलेलं लोखंड जोर लावून सुटत नाही, हे कळायलाच दोन रविवार गेले. या सायकलींत क्रँक मधल्या एक्सलवर कॉटर पिननं अडकवलेली असते. पाचरीसारखी एक बोटभर लांबीची पिन, एका बाजूनं तिरकी घासलेली. नट सैल करून ती ठोकून काढायची. पण क्रँकला खालून भक्कम टेकू न देता हातोडा घातला, तर तो घाव पिनवर थांबत नाही. तो एक्सलमधून आतल्या छर्र्यांपर्यंत जातो आणि छर्रे ज्या वाटीत फिरतात तिला खळगे पाडतो. वरून काही दिसत नाही. पुढे सायकल चालवताना पायाला खरखर लागते आणि कारण कळत नाही. म्हणून आधी गंज सोडवायचं तेल, मग एक रात्र वाट बघणं, पुन्हा तेल, मग खाली जाड पाइपचा तुकडा उभा करून एकच नेमका घाव. डावीकडची पिन तिसऱ्या दिवशी निघाली. उजवीकडची निघालीच नाही, ती ड्रिलनं पोखरून काढावी लागली.

ती पोखरताना मिस्त्री जे बोलले त्यावर पुढचा बराच विचार उभा आहे. ते म्हणाले, "कॉटर मऊ लोखंडाची असते साहेब. मुद्दाम. ती मेली तर चालते, एक्सल मरायला नको."

म्हणजे बनवणाऱ्यानंच ठरवून ठेवलं होतं, काय झिजायचं आणि काय टिकायचं. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, छर्रे, कॉटर हे झिजण्यासाठीच दिलेले असतात. ते बदलताना वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उलट झिजलेली चेन भावनेपोटी तशीच ठेवली, तर ती चक्राचे दाते खाते, आणि मग ज्या बगळ्यांच्या मानांचं आपण कौतुक करतो त्या चक्रालाच मुकतो. फ्रेम, चिमटा, हब, चक्र हे टिकण्यासाठी. आम्ही छर्रे सगळे नवे घातले, मधल्या एक्सलला दोन्ही बाजूंना पाव इंचाचे अकरा-अकरा. टायर-ट्यूब नव्या, चेन नवी, मागच्या चाकाच्या सात तारा नव्या. २८ इंची टायर आपल्याकडे अजून मिळतो, कारण या घाटाची सायकल आपल्याकडे अजून बनते. पुण्याई म्हणायची.

मधल्या एक्सलची एक वाटी मात्र पार गेली होती. दुकानातून नवी आणली, ती बसेना. रॅलेवाल्यांनी आपल्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले होते, बाकी इंग्रजी सायकलींना २४. दिसायला वाटी तीच, दोन आटे जातेसुद्धा, मग अडते. पाना लांब असेल आणि माणूस हट्टी असेल तर ती आतही जाईल, फक्त फ्रेमचे आटे कापून जाईल. म्हणजे चाळीस-पन्नास रुपयांच्या वाटीसाठी टिकायची वस्तू मारायची. महिनाभर शोधून भंगारातल्या एका मोडक्या रॅलेतून वाटी काढली. आमच्या सायकलीत आता दुसऱ्या कुठल्यातरी सायकलीचा तुकडा आहे.

इथं आमच्यातल्या वकिलांनी नेमका मुद्दा काढला. एवढं बदललं तर ही गुरुजींची सायकल उरली का? प्रश्न जुना आहे. पाली भाषेत 'मिलिंदप्रश्न' नावाचा ग्रंथ आहे. यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? दांडा रथ का? आस रथ का? चाकं रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं. शेवटी त्याच्याच तोंडून येतं की या सगळ्या भागांच्या आधारानं आपण रथ हे नाव वापरतो, त्यांच्यापलीकडे रथ नावाची वेगळी चीज कुठं सापडत नाही. नागसेनाला त्यावरून माणसाबद्दल बोलायचं होतं. आम्हाला सायकलीबद्दल बोलायचं होतं, आणि तिथं आमची गाडी जरा वेगळ्या वळणाला लागली. सुटे भाग सतरंजीवर मांडले तेव्हा ती कोणाचीच सायकल नव्हती, हे खरं. पण त्या भागांकडे बघताना ताई दोन-तीन ठिकाणी थांबल्या. टायरजवळ थांबल्या नाहीत, चेनजवळही नाहीत. त्या थांबल्या मागच्या मडगार्डजवळ, जिथं पांढऱ्या रंगात गुरुजींच्या नावाची आद्याक्षरं आहेत. हँडलच्या खिळीला अडकवलेल्या दोन पितळी बिल्ल्यांजवळ. सायकलवर कर होता, तो भरला की असा बिल्ला मिळत असे. नव्या मंडळींना हे खोटं वाटेल. आणि त्या थांबल्या दांडीवरच्या छोट्या सीटजवळ.

या सीटवरून आमच्यात खरी वादावादी झाली, म्हणून ती नीट सांगतो.

ताई चारेक वर्षांच्या असताना गुरुजी त्यांना शाळेत सोबत नेत. घरी सांभाळायला कोणी नव्हतं. गावच्या लोहारानं दोन लोखंडी पट्ट्या वाकवून, दांडीभोवती बोल्टनं आवळून, वर एक लाकडी फळी बसवून दिली. पाय ठेवायला खाली एक आडवी सळई. जुन्या सायकली जमवणाऱ्या लोकांच्या भाषेत हा दोष आहे. कारखान्यातून ती सीट आली नाही. पट्ट्यांनी खालचा रंग कापला, तिथं पाणी मुरलं, आणि दांडीला गंजाचे खोल खड्डे पडले. सायकल जशी बनली तशी परत करायची असेल, तर ती सीट निघायलाच हवी.

आमचे फिटर याच मताचे होते, आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. ते म्हणाले, "नॉटिंगहॅमच्या कारागिरानं ही फ्रेम जोडली. नळ्या सांध्यांत बसवून, पितळ वितळवून, कडा घासून. आपण गुरुजींच्या आठवणीचा एवढा मान राखतो, मग त्या माणसाच्या कामाचा मान कोणी राखायचा? आठवण ताईंच्या मनात आहे. लोखंडात नाही." कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. आपण कोणाचं काम वाया गेलं की हळहळतो, ते बहुधा ओळखीच्या माणसाचं. अनोळखी कामगाराचा कैवार घेणारा आमच्यात एकच निघाला.

तरीही आमचा कौल सीट ठेवण्याकडे गेला. कारण असं. कारागिरानं सायकल केली ती काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे. कोणीतरी ती वापरेल, तिच्यावर ओझं लादेल, आपल्या गरजेप्रमाणे तिला वाकवेल, हे त्याच्या कामात धरलेलंच होतं. एका गरीब शिक्षकाला मुलगी घरी एकटी टाकायची नव्हती आणि नोकरीही सोडायची नव्हती. त्या अडचणीतून लोहारानं काढलेली वाट म्हणजे ती फळी. ती पुसली तर सायकल १९५३ची होईल, पण त्यानंतर तिनं जे केलं त्याचा पुरावा जाईल. आणि लोहारही कारागीरच की. त्याच्या नावाचा बिल्ला कुठं लागला नाही, एवढंच.

पण ती आहे तशी ठेवली असती तर पट्ट्यांखालची दांडी आणखी दोन-चार पावसाळ्यांत गेली असती. म्हणून सीट काढली, खड्डे तळापर्यंत साफ केले, गंजरोधक रंग लावला, पट्ट्यांच्या आत जुन्या ट्यूबचं रबर घातलं आणि सीट पुन्हा तिथंच आवळली. फिटर अजून म्हणतात की हा तोडगा आहे, उत्तर नव्हे. त्यांचं मत बदलावं अशी आमची इच्छाही नाही. असा एक माणूस जवळ असला म्हणजे बाकीचे जरा सांभाळून वागतात.

आता बडोद्याच्या काकांचा प्रश्न. गंज दोन तऱ्हेचा असतो. एक जिवंत, तो लोखंड खात असतो, बोट लावलं की भुकटी येते. तो काढायलाच हवा, त्यात दयामाया नाही. दुसरा म्हणजे जिथं तो होऊन गेला त्याचा डाग. क्रोमच्या रिमवर आम्ही पाण्यात भिजवलेली अॅल्युमिनियमची फॉइल घासली, तपकिरी थर निघून गेला आणि चमक आली. पण बारीक काळे ठिपके राहिले. ते राहणारच. क्रोम म्हणजे निकेलवरचा अगदी पातळ मुलामा, ठिपक्याच्या जागी तो उरलेलाच नसतो. फोटोत तुम्हाला दिसले ते हे ठिपके. ते घालवायचे तर रिम पुन्हा मुलाम्याला द्यायची. त्यासाठी जुना मुलामा उतरवून लोखंड घासतात, कडा आणि ठोकलेली अक्षरं त्यात बोथट होतात. आणि मुलाम्याच्या टाकीतलं क्रोमियम हे विषारी, कर्करोग करणारं. नीट प्रक्रिया न करता ते पाणी सोडलं तर ते कोणाच्यातरी विहिरीत उतरतं, आणि टाकीवर उभा राहणारा मुलगा ते रोज श्वासात घेतो. काकांनी नोकरी कारखान्यात काढली आहे, त्यांना हे आम्ही सांगावं असं नाही. नव्या रिमचा मुलामाही तिथंच होतो, हे आम्हाला माहीत आहे. पण ठिपक्यांनी चाक अडत नव्हतं. केवळ आपल्या डोळ्याला बरं वाटावं म्हणून एवढं करावं का, या प्रश्नाला आमच्यात कोणी 'हो' म्हणालं नाही.

रंगाचंही तसंच. आजकाल भट्टीत भाजून पावडरचा रंग देतात. टिकाऊ असतो, स्वस्त पडतो. पण त्याआधी वाळूचा मारा करून जुनं सगळं उडवावं लागतं, आणि तो जाड थर सांध्यांच्या नाजूक कडा भरून टाकतो. गुरुजींची आद्याक्षरं गेली असती, सोनेरी रेघांचा जो काही माग उरला आहे तोही गेला असता. आम्ही साबणपाण्यानं धुतली, जिथं लोखंड उघडं होतं तिथंच काळा रंग लावला, वर मेण चोळलं. तुमच्यापैकी कोणी हे करणार असाल तर एक सांगतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर मारू नका, धूळ फुप्फुसात जाते. पाणी लावून घासा, आणि नातवंडांना त्या वेळी लांब ठेवा. चामड्याच्या सीटलाही तेल बेतानं. मायेनं तुंब तेल पाजलं की ती सैल पडून झोळी होते.

मधे एक प्रसंग घडला. जुन्या सायकलींचा व्यापार करणारे एक गृहस्थ कोणाकडून तरी कळून आले. त्यांनी बरी किंमत सांगितली. अट एवढीच की ती 'मूळ स्थितीत' हवी. आम्ही म्हटलं, मूळ रंग तर एवढाच उरला आहे. ते हसले. म्हणाले, रंग आम्ही देतो, नव्या रेघा ओढून घेतो, कारखान्याची चित्रं छापून मिळतात, थोडं घासून जुनंही दिसतं. घेणाऱ्याला मूळचीच म्हणून देतो. त्याला आनंद, आपल्याला पैसे, बिघडलं कोणाचं? बोलायला माणूस गोड होता. ताईंना विकायची नव्हतीच, त्यामुळे प्रश्न तिथं संपला. पण आम्ही नंतर बराच वेळ त्यावर बोलत होतो. नवा रंग देऊन 'हा नवा रंग आहे' असं सांगणं यात काहीच गैर नाही, ज्याला चकचकीत आवडते त्यानं खुशाल करावी. नवा रंग घासून जुना भासवणं मात्र खोट्या दाखल्यासारखं आहे. ज्या उन्हापावसानं आणि ज्या हातांनी तो खरा झिजतो, त्यांच्या सहीची ती नक्कल झाली. जुन्याचं प्रेम बाजारात आलं की असे धंदे निघतातच. आणि हे फक्त सायकलीपुरतं नाही, माणसंही आपली झीज दाखवून भाव मिळवतात. असो, तो वेगळा विषय.

आता इंदूरच्या ताईंकडे येतो. खरं तर हाच प्रश्न अवघड.

मोह होता का? होता. खोटं कशाला बोला. डिसेंबरात आमच्यातले एक जण रात्री दहाला फोन करून घंटीच्या आतल्या स्प्रिंगबद्दल बोलत होते. त्यांच्या सौभाग्यवतींनी आम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मोह आणि जपणूक यांची गल्लत होते असं आम्हाला वाटतं. आपल्या घरांतून आजकाल वस्तू किती सहज बाहेर जातात ते बघा. मिक्सर बिघडला, टाका. फोन दोन वर्षांचा झाला, बदला. हे करणाऱ्याला कोणी विरक्त म्हणेल का? त्याला जुन्या वस्तूची आसक्ती नाही हे खरं, पण ती नाही कारण नवीची आहे. टाकून देणं सोपं जातं तेव्हा त्यामागे बहुधा वैराग्य नसतं, दुकान असतं. खऱ्या विरक्त माणसांच्या वस्तू आठवून बघा. एकच पंचा, एकच तांब्या, पण पंचा ठिगळ लावलेला आणि तांब्या लख्ख. ज्याच्याकडे थोडं असतं तो ते सांभाळतो, आणि त्या सांभाळण्यात हाव नसते.

मग फरक कुठं ओळखायचा? आमच्यापुरती आम्ही एक कसोटी लावून बघितली. ही सायकल उद्या दुसऱ्यानं नेली, वापरली, तिच्यावर ओरखडा पाडला, तर आपल्याला काय होईल? ज्या दिवशी चाकाचा आउट काढून झाला आणि ती पहिल्यांदा अंगणात फिरली, त्या दिवशी आमच्यापैकी दोघांना मनातून वाटलं की हिला भिंतीवर लावावी. खाली छोटासा दिवा. पाहुणे विचारतील, आपण सांगू. तिथं मोह होता. सहा महिन्यांच्या काळ्या हातांत तो नव्हता, तो त्या एका संध्याकाळच्या दिव्यात होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण शस्त्रं, अवजारं, गाड्या पुसून हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पण दुसऱ्या दिवशी ती माळ काढून अवजार पुन्हा कामालाच लावायचं असतं, तिथंच टांगून ठेवायचं नसतं. पूजा कामाच्या मधली आहे. सायकल भिंतीवर लावायची म्हणजे माळ न काढण्यासारखं झालं.

मिस्त्रींना भिंतीची कल्पना समजलीच नाही. त्यांचं दुकान म्हणजे झाडाखाली एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. चाळीस वर्षं तिथं बसतात. निम्मं कानडीत, निम्मं मराठीत बोलतात. ते म्हणाले, "चालवायची नसेल तर छर्रे कशाला बदलले? नुसतं बाहेरून पुसायचं होतं की." या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही जे करत होतो त्याला आम्ही मोठी नावं देत होतो, वारसा, जतन वगैरे. ते त्याला ओव्हरऑइलिंग म्हणत होते, आणि तेच काम ते रोज करत होते. दूधवाल्याची, पेपरवाल्याची, शाळेच्या पोराची. कोणी फोटो काढला नाही. सबंध चाकाच्या तारा ताणून आउट काढायला त्यांना पाऊण तास लागतो, त्याचे मिळतात ते पैसे आमच्या रविवारच्या चहा-भज्यांपेक्षा कमी. आम्ही त्यांना ठरल्यापेक्षा जास्त दिले, तेव्हा त्यांनी ते मोजून जास्तीचे परत केले आणि म्हणाले, पुढच्या वेळी चार गिऱ्हाइकं पाठवा. आता इथल्या सगळ्यांना विनंती, घरात सायकल पडून असेल तर जवळच्या मिस्त्रीकडे न्या. फोटो नाही टाकलात तरी चालेल.

त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही, हे मात्र आम्हाला लागून राहिलं आहे. मुलगा कुरिअरच्या गाडीवर आहे, त्यात दोष देण्यासारखं काही नाही. पण इंचाला २६ आटे आणि २४ आटे यातला फरक बोटानं ओळखणारा माणूस गेला, की मग आमच्यासारख्यांनी किती फ्रेमा जपल्या तरी त्या लोखंडाचा आकारच उरतील. वस्तू जपायच्या की हात जपायचे, असं कोणी विचारलं तर आम्ही हात म्हणू. तूर्त आम्ही पाचही जण त्यांच्याकडे महिन्यातून एक रविवार जातो. पैकी दोघांना आता पंक्चर काढता येतं. वकिलांना अजून येत नाही.

सायकल भिंतीवर गेली नाही. ताईंच्या शेजारचा कॉलेजचा मुलगा ती वापरतो, वसतिगृहाच्या खानावळीतून संध्याकाळी डबे पोचवायला. दांडीवरच्या छोट्या सीटवर तो डब्यांची पिशवी टेकवतो, फळी बरोबर त्या मापाची आहे. पहिल्याच पंधरवड्यात चिमट्यावर नवा ओरखडा आला. ताईंनी तो बघितला, पण मुलाला काही बोलल्या नाहीत. आम्हाला मात्र फोन करून सांगितला. हबच्या बारीक भोकातून महिन्याला चार थेंब पातळ तेल घालायचं, नाहीतर गिअर अडकतात, असं त्याला दोनदा समजावलं आहे. तो विसरतो. म्हणून एक तारखेला आमच्यापैकी कोणीतरी तेलाची बुधली घेऊन जातो.